आमची वाटचाल : बॅटरीच्या खोलीतून क्लाउडच्या देखभालीकडे

आमच्या व्यवसायाची सुरुवात यूपीएसच्या बॅटऱ्यांपासून झाली. छत्रपती संभाजीनगरच्या चिकलठाणा आणि वाळूज एमआयडीसीतील लहान-मध्यम कारखान्यांचे सर्व्हर, यूपीएस आणि नेटवर्क यांचे वार्षिक देखभाल करार घेणे, एवढेच आमचे काम होते. मराठवाड्याच्या हवामानात ते वाटते तितके सोपे नसते. सीलबंद लेड-ॲसिड बॅटरीचे आयुष्य साधारण २५ अंश सेल्सिअस तापमान गृहीत धरून सांगितलेले असते आणि त्यावर १० अंशांची वाढ झाली की ते ढोबळमानाने निम्म्यावर येते. आमच्याकडे मे महिन्यात पारा ४० च्या वर असतो, वीजबिल वाचावे म्हणून रविवारी सर्व्हर रूमचाही एसी बंद केला जातो आणि मग एखाद्या सोमवारी वीज गेली की ऐन वेळी बॅटरी मान टाकते. म्हणून आम्ही प्रत्येक ग्राहकाकडे एक रजिस्टर ठेवले. खोलीचे तापमान, बॅटरीचा व्होल्टेज, रात्रीचा बॅकअप पूर्ण झाला की नाही आणि खोलीत शेवटी कोण गेले होते, एवढ्या नोंदी त्यात रोज होत असत. सर्व्हर पुढे क्लाउडवर, म्हणजे मोठ्या कंपन्यांच्या डेटा सेंटरमधील भाड्याच्या यंत्रांवर गेले, तरी नोंद ठेवण्याची ही शिस्त आम्ही सोडली नाही.

क्लाउडची चौकशी आधी ग्राहकांनीच सुरू केली. मायक्रोसॉफ्टने सप्टेंबर २०१५ मध्ये पुणे, मुंबई आणि चेन्नई येथून ॲझ्युअर या आपल्या क्लाउडची सेवा सुरू केली आणि जून २०१६ मध्ये ॲमेझॉनचे मुंबई रीजन, म्हणजे तेथील डेटा सेंटरचा समूह, आले. डेटा देशाबाहेर ठेवण्यास नाखूश असलेल्या मंडळींचा मुख्य आक्षेप त्यामुळे दूर झाला. मोठ्या डेटा सेंटरमध्ये विजेच्या दोन स्वतंत्र वाटा असतात, जनरेटर असतात, गरम आणि थंड हवेच्या मार्गिका वेगळ्या राखल्या जातात आणि यंत्रांकडे जाणारी हवा साधारणपणे १८ ते २७ अंशांच्या शिफारस केलेल्या मर्यादेत ठेवली जाते. हे सगळे चिकलठाण्याच्या एखाद्या शेडमध्ये उभे करणे कोणत्याही लहान उद्योजकाला परवडणारे नाही, हे आम्ही स्वतः बॅटऱ्या बदलून पाहिलेले असल्यामुळे आम्हाला कोणी पटवून द्यावे लागले नाही. लातूर आणि धाराशिवकडील जुन्या ग्राहकांना तर दूरच्या ठिकाणी प्रत ठेवण्याचे महत्त्व एका वाक्यात कळे, कारण ३० सप्टेंबर १९९३ चा किल्लारीचा भूकंप त्यांच्या स्मरणात होता. नोव्हेंबर २०२२ मध्ये ॲमेझॉनचे हैदराबाद रीजन सुरू झाल्यापासून आम्ही मूळ सर्व्हर मुंबईला आणि दुसरी प्रत हैदराबादला अशी मांडणी करतो.

खरी गर्दी मात्र १ जुलै २०१७ रोजी जीएसटी लागू झाल्यानंतर झाली. आडत दुकाने, डाळ मिल, बियाणे कंपन्यांचे वितरक, अशा सर्वांनाच टॅली हे हिशेबाचे सॉफ्टवेअर कुठूनही उघडता यायला हवे होते. मालकाला घरून, सीएंना त्यांच्या कार्यालयातून, दिवाणजींना मोंढ्यातून, म्हणजे धान्यबाजारातून. यावर बाजारात सर्रास वापरला जाणारा उपाय म्हणजे क्लाउडवर एक विंडोज सर्व्हर घ्यायचा, त्यावर टॅली टाकायचे आणि दुरून सर्व्हर वापरण्याच्या रिमोट डेस्कटॉप सोयीचा ३३८९ क्रमांकाचा पोर्ट, म्हणजे नेटवर्कवरचे दार, साऱ्या जगासाठी उघडा ठेवायचा. असा सर्व्हर सुरू झाल्यावर थोड्याच वेळात जगभरातील स्वयंचलित प्रोग्राम त्याचे दार ठोठावू लागतात. विंडोजच्या नोंदवहीत अयशस्वी लॉगिनची ४६२५ क्रमांकाची नोंद असते. आमच्याकडे आलेल्या अशा सर्व्हरवर ती स्क्रीन कितीही खाली सरकवली तरी संपत नसे. त्यात सर्वांसाठी एकच पासवर्ड आणि तोही दुकानाच्या नावापुढे वर्ष जोडून केलेला. डेटा कुलूपबंद करून खंडणी मागणारे रॅन्समवेअर टाकणाऱ्याला याहून अधिक काय हवे?

पोर्ट बंद करणे हे काही मिनिटांचे काम आहे. त्यानंतर लोकांचे काम अडू नये, याची व्यवस्था करण्यात आमचा बहुतेक वेळ गेला. ठरावीक आयपी पत्त्यांनाच (इंटरनेटवरील जोडणीच्या क्रमांकांनाच) प्रवेश द्यावा, हे पुस्तकात ठीक आहे, पण मोबाइल डेटावर चालणाऱ्या तालुक्याच्या दुकानाचा पत्ता सतत बदलतो. म्हणून प्रत्येकाला स्वतःच्या नावाचे व्हीपीएन (इंटरनेटवरून जाणारी सुरक्षित खासगी वाट) खाते, त्यावर मोबाइलमधील दुसरा कोड आणि सर्व्हरवर प्रत्येकाचे वेगळे लॉगिन, अशी पद्धत आम्ही लावली. सर्वाधिक विरोध वेगळ्या लॉगिनला झाला, कारण त्यामुळे कोणी कोणती नोंद किती वाजता केली हे दिसू लागते आणि ते सर्वांनाच सोयीचे नसते. आजही नवा ग्राहक ही एक अट नाकारत असेल, तर आम्ही काम घेत नाही.

क्लाउड घेतला म्हणजे सुरक्षा कंपनी पाहील, हा समज अजूनही टिकून आहे. मोंढ्यात बाजार समिती गाळा देते, आवाराला भिंत आणि फाटकावर पहारेकरी देते, पण गाळ्याचे कुलूप आणि आतील गल्ल्याची चावी व्यापाऱ्याचीच असते; क्लाउडमधील जबाबदारीची वाटणी साधारण अशीच आहे. इमारत, वीज, यंत्रे आणि त्यांवरील आभासीकरणाचा (एका यंत्रावर अनेक सर्व्हर चालवण्याचा) थर पुरवठादाराकडे. भाड्याने घेतलेल्या सर्व्हरची ऑपरेटिंग सिस्टीम, फायरवॉलचे नियम, वापरकर्ते आणि डेटा आपल्याकडे. त्यामुळे कोणतेही खाते हाती घेतले की आम्ही प्रथम मुख्य, म्हणजे रूट, खाते कोणाच्या ईमेलवर आहे ते पाहतो. कित्येकदा ते सॉफ्टवेअर बसवून गेलेल्या विक्रेत्याच्या किंवा नोकरी सोडून पुण्याला गेलेल्या कर्मचाऱ्याच्या ईमेलवर निघते. ते संस्थेच्या अधिकृत पत्त्यावर आणणे, त्याला दुसऱ्या पायरीची पडताळणी लावणे आणि त्या पडताळणीची छोटी चावी (सिक्युरिटी की) पाकिटात घालून मालकाच्या तिजोरीत ठेवणे, ही कामे झाल्याशिवाय पुढचे काहीही सुरू होत नाही.

रोजचे काम बाहेरून पाहणाऱ्याला कंटाळवाणे वाटेल. सकाळची पाळी रात्रीच्या बॅकअपचे अहवाल, डिस्कवरील शिल्लक जागा, सर्व्हरच्या डिजिटल सुरक्षा प्रमाणपत्रांची मुदत आणि नव्याने तयार झालेली खाती तपासते. पाळी बदलताना अपूर्ण राहिलेली कामे तोंडी न सांगता लिहून दिली जातात. अलर्ट किती ठेवावेत याबाबत माझे मत ठाम आहे: ज्या अलर्टवर कोणतीही कृती करायची नसते, तो बंदच करावा. शंभर निरर्थक सूचनांत एक खरी सूचना हरवते आणि मग दोष रात्रपाळीच्या मुलावर येतो.

पॅचिंगचे, म्हणजे सॉफ्टवेअरमधील दोष दुरुस्त करणारे अपडेट टाकण्याचे, वेळापत्रक हा स्वतंत्र विषय आहे. मायक्रोसॉफ्टचे मासिक पॅच दुसऱ्या मंगळवारी, आपल्याकडील वेळेनुसार रात्री साडेदहाच्या सुमारास आणि हिवाळ्यात साडेअकराच्या सुमारास येतात. आम्ही ते आधी चाचणीच्या सर्व्हरवर, नंतर कमी महत्त्वाच्या आणि शनिवारी रात्री उरलेल्या सर्व्हरवर टाकतो. सोयाबीनची आवक जोरात असताना तेल मिलच्या आणि मार्चअखेरीस पतसंस्थांच्या सर्व्हरला शक्यतो हात लावत नाही. 'शक्यतो' म्हणण्याचे कारण डिसेंबर २०२१ मध्ये मिळाले. लॉग४जे या जावा लायब्ररीतील दोष इतका गंभीर होता, की शनिवारची वाट पाहणे शक्य नव्हते. कोणत्या सर्व्हरवर कोणते सॉफ्टवेअर आहे याची यादी ज्यांच्याकडे होती, ते तासाभरात कामाला लागले आणि बाकीचे शोधत बसले. उलट १९ जुलै २०२४ रोजी क्राउडस्ट्राइक या सुरक्षा कंपनीच्या एका सदोष अपडेटने जगभरातील सुमारे ८५ लाख विंडोज यंत्रे बंद पाडली. पहिल्या घटनेकडे पाहिले तर उशीर घातक ठरतो आणि दुसऱ्या घटनेकडे पाहिले तर सर्वत्र एकाच वेळी केलेली घाई. म्हणून हल्ला प्रत्यक्ष चालू असलेल्या दोषासाठी एक रांग आणि बाकी सर्वांसाठी टप्प्याटप्प्याची दुसरी रांग, असा आमचा नियम आहे आणि कोणता पॅच कोणत्या रांगेत जाईल, हा निर्णय एकटा अभियंता घेत नाही.

बॅकअपविषयी बोलताना आम्ही पतसंस्थेच्या संचालक मंडळाला दोनच प्रश्न विचारतो. किती वेळ काम बंद राहिलेले चालेल, आणि शेवटच्या किती वेळातील नोंदी पुन्हा हाताने भरता येतील? त्यांच्या उत्तरांवरून खर्च ठरतो. फ्रान्समधील स्ट्रासबुर्ग येथे १० मार्च २०२१ रोजी ओव्हीएचक्लाउड या क्लाउड कंपनीच्या डेटा सेंटरला आग लागून एक इमारत पूर्ण नष्ट झाली, तेव्हा प्रतही त्याच आवारात असलेल्या ग्राहकांपैकी काहींचे दोन्ही गेले. तीन प्रती, दोन प्रकारची साधने आणि त्यांतील एक प्रत दुसऱ्या ठिकाणी, हा जुना नियम आम्ही पाळतोच. शिवाय एक प्रत ठरावीक काळ कोणालाही, अगदी आम्हालाही, पुसता येणार नाही अशी ठेवतो. दर महिन्याला बॅकअप वेगळ्या खात्यात उघडून त्या दिवशीचा ताळेबंद जुळतो का, हे ग्राहकाच्याच लेखापालाकडून तपासून घेतो. फाइल उघडली म्हणजे बॅकअप चांगला आहे असे आम्ही मानत नाही. आकडे जुळले पाहिजेत.

कायद्यांनी आमच्या कामाला आकार दिला, हे मान्य केले पाहिजे. सर्ट-इन या केंद्र सरकारच्या सायबर सुरक्षा संस्थेच्या २८ एप्रिल २०२२ च्या निर्देशांनुसार सायबर घटना लक्षात आल्यापासून ६ तासांत कळवावी लागते आणि लॉग, म्हणजे यंत्रांतील घडामोडींच्या नोंदी, १८० दिवस जतन करावे लागतात. लहान उद्योगांना त्यासाठी २५ सप्टेंबर २०२२ पर्यंत मुदत मिळाली होती. ॲमेझॉनच्या क्लाउडट्रेल या नोंदी ठेवणाऱ्या सेवेत आपोआप दिसणारा इतिहास मात्र ९० दिवसांचाच असतो, त्यामुळे लॉग वेगळे साठवण्याची व्यवस्था मुद्दाम करावी लागते, ही बाब अनेकांच्या ध्यानात येत नाही. जुलै २०२४ मध्ये लहान बँकांना तंत्रसेवा पुरवणाऱ्या एका कंपनीवर रॅन्समवेअरचा हल्ला झाला आणि देशातील यूपीआयसारख्या पेमेंट यंत्रणा चालवणाऱ्या एनपीसीआयने तिचा संपर्क तात्पुरता तोडल्यामुळे सुमारे ३०० सहकारी व ग्रामीण बँकांचे व्यवहार अडले. त्यानंतर आमच्याकडील पतसंस्थांच्या बैठकीत सुरक्षेचा विषय शेवटच्या क्रमांकावरून पहिल्या क्रमांकावर आला. डिजिटल वैयक्तिक डेटा संरक्षण कायदा, २०२३ मध्ये वाजवी सुरक्षा उपाय न केल्यास २५० कोटी रुपयांपर्यंत दंडाची तरतूद आहे. हा आकडा सांगितल्यावर आमच्या प्रस्तावातील मासिक शुल्कावर घासाघीस थोडी कमी होते, हेही खरे.

बँकांना सेवा देणाऱ्या कंपनीवरील त्या हल्ल्याने आमच्याच क्षेत्राकडे बोट दाखवले होते. त्याआधीही २ जुलै २०२१ रोजी कसेया या कंपनीच्या सॉफ्टवेअरमधून, आमच्यासारख्याच देखभाल करणाऱ्या संस्थांमार्फत, पंधराशेच्या आसपास व्यवसायांपर्यंत रॅन्समवेअर पोहोचले होते. अनेकांच्या चाव्या ज्याच्याकडे असतात, त्याच्यावर डोळा असणारच. आमच्या अभियंत्यांना ग्राहकाच्या सर्व्हरवर कायमचा प्रवेश नसतो; टिकिट, म्हणजे कामाची नोंदवलेली मागणी, उघडल्यावर ठरावीक तासांपुरता मिळतो, तेव्हाच्या स्क्रीनचे चित्रमुद्रण होते आणि मोठ्या बदलाला दुसऱ्याची संमती लागते. सुरुवातीला मुलांना हा अविश्वास वाटला. पुढे एका ग्राहकाकडे हिशेबाच्या नोंदींवरून वाद झाला, तेव्हा त्याच मुद्रणामुळे आमच्या मुलावरचा संशय दूर झाला आणि कुरबुर थांबली.

माणसे मिळवणे हा आमचा सर्वात अवघड भाग राहिला आहे. संभाजीनगर, नांदेड, लातूर येथील अभियांत्रिकी महाविद्यालयांतून आणि तंत्रनिकेतनांतून मुले-मुली घ्यायची, त्यांना दोन वर्षे शिकवायचे आणि मग पुण्याच्या पगाराशी स्पर्धा करायची, हे चक्र चालूच आहे. २०२० च्या टाळेबंदीत घरी परतलेल्यांपैकी काही अनुभवी मंडळी आमच्याकडे टिकली, त्यांच्यामुळेच रात्रपाळी उभी राहिली. रस्ता रुंदीकरणात जेसीबीने फायबर तुटणे ही येथील नित्याची गोष्ट असल्याने कार्यालयात दोन वेगवेगळ्या कंपन्यांच्या लाइन वेगवेगळ्या बाजूंनी आणल्या आहेत.

काही ग्राहक मोठे झाले आणि त्यांनी स्वतःची तुकडी उभारली. करार संपताना काय सोपवायचे, हे आम्ही करार करतानाच लिहून देतो: सर्व खात्यांची यादी, फायरवॉलचे नियम, १८० दिवसांचे लॉग, बॅकअप उघडण्याच्या सांकेतिक चाव्या आणि बिलाचा महिनानिहाय तपशील. शेवटी ग्राहकाचा माणूस आमच्या समोर बसून आमच्या सर्व अभियंत्यांची खाती स्वतःच्या हाताने काढून टाकतो, नंतर आम्ही लॉगिन करण्याचा प्रयत्न करतो आणि प्रवेश नाकारल्याची नोंद त्यांच्या लॉगमध्ये दिसली की दोन्ही बाजू हस्तांतराच्या कागदावर सह्या करतात.