वांग्याला जाळ, रताळ्याला फुफाटा

तुम्ही विचारलंत म्हणून लिहायला बसले. आमच्याकडे जेवून गेलेल्या माणसाचा पुढच्या भेटीत हा प्रश्न ठरलेलाच असतो: "वहिनी, ते रताळ्याचं तिखट भरीत कसं करता हो? आमच्याकडे एक तर शिऱ्यासारखं गोड होतं, नाही तर खळीसारखं चिकट." परवा शेजारच्या नव्या सूनबाई वही घेऊनच आल्या. त्यांना उभ्याउभ्या जे सांगितलं, तेच आता सावकाश सांगते.

आधी एक गोष्ट कबूल करते. आमचं भरीतही गोडच असतं. घास तोंडात गेला की आधी मिरची लागते, मग लसूण, आणि गिळताना रताळं आपली गोडी दाखवतं. ती गोडी काढून टाकायच्या मागे लागलं की भरीत बिघडतं. बहुतेकांचं तिथेच चुकतं. माझंही तिथेच चुकलं होतं.

माझं माहेर अमळनेरजवळचं. आजी चातुर्मास कडक पाळायची. आषाढात कांदेनवमी झाली की कांदा, लसूण, वांगं बंद. कांदा-लसूण कार्तिकीनंतर परत यायचा, वांगं मात्र चंपाषष्ठीला खंडोबाला भरीत-रोडग्याचा नैवेद्य दाखवल्यावरच. इतके महिने भरिताशिवाय काढायचे म्हणजे काय, हे खानदेशातल्या माणसाला वेगळं सांगायला नको. नवरात्रात बाजारात नवी रताळी दिसायला लागली की आजी त्यांचं भरीत करायची. संध्याकाळच्या भाकरी झाल्या, चुलीतला जाळ बसला, की चार-पाच रताळी गरम राखेत पुरायची आणि वरून राख ओढून घ्यायची. मग आरती. आरती आटोपून आलं की रताळी तयार. मी एकदा म्हटलं, आजी, बटाट्यांबरोबर पातेल्यात उकडून टाक ना, लवकर होतील. ती म्हणाली, "पानीमा नको टाकू, चुल्हामा टाक. रताळाना पोटमा आधीच पानी शे." तेव्हा मला ते कळलं नव्हतं.

लग्न होऊन यावल तालुक्यात आले आणि भरीत म्हणजे काय ते नव्याने शिकले. भालोद, बामणोद हा सगळा पट्टा भरिताच्या वांग्यांचा. पांढरट हिरवी, हातभर नाही पण वीतभर तरी लांब, बिया कमी. जळगावच्या या वांग्याला भौगोलिक मानांकनही आहे. थंडीत मळ्यात भरीत-पुरीचा बेत ठरला की पऱ्हाटीच्या, म्हणजे कापसाच्या झाडाच्या, वाळक्या काड्या रचून त्यांवर वांगी भाजतात. काड्यांचा जाळ भसकन उठतो आणि तेवढ्याच लवकर खाली बसतो. वांग्याला तो पुरतो, कारण ते आत स्पंजासारखं भुसभुशीत आणि पाणीदार असतं, बाहेर काळं पडेपर्यंत आत मऊ झालेलं असतं. जाळ बसल्यावर उरतो तो फुफाटा. माझ्या सासूबाई त्यात दोन गोवऱ्या टाकायच्या, काड्यांचा फुफाटा लवकर निवतो म्हणून, आणि मग रताळी पुरायच्या. रताळं जाळावर धरलं तर साल कोळसा होते आणि गाभा कचकचीत कच्चा राहतो. त्याला पाऊण तास मंद ऊबच लागते. माहेरची चूल आणि सासरचा मळा, दोन्हीकडच्या बायकांना हे ठाऊक होतं.

आणि तरीही मी पहिल्या हिवाळ्यात कुकर लावला. घरी बारा माणसं जेवायला होती, नणंदेकडचे पाहुणे होते, वेळ कमी होता. दोन किलो रताळी, भरपूर पाणी, चार शिट्ट्या. सालं काढताना रताळी हातात विरघळत होती. घाईघाईने मिक्सरमधून फिरवली. भांड्यातून जे निघालं ते चमच्याला लटकून खाली उतरत होतं. गोडी झाकायला मी मिरची वाढवली, गरम मसाला टाकला, पाणी आटवायला कढईत परतत बसले, तर ते बुडाला लागलं. सासूबाईंनी एक शब्दही न बोलता ते पानात वाढून घेतलं आणि संपवलं. पाहुण्यांच्या पानात मात्र तसंच राहिलं. त्या दिवसाचं मला अजून वाईट वाटतं, कारण रताळी फार चांगली होती.

काय चुकलं, ते पुढे वाचून आणि करून करून कळलं. रताळ्यात पिष्ट भरपूर असतं आणि त्याच्याच अंगात ते पिष्ट फोडून साखर करणारं विकर, म्हणजे एन्झाइम, असतं. साधारण 60 ते 75 अंश सेल्सिअस या टप्प्यात ते कामाला लागतं. रताळं हळूहळू तापलं की या टप्प्यात बराच वेळ राहतं आणि चांगलं गोड होतं. कुकरमध्ये ते हा टप्पा झपकन ओलांडून जातं, म्हणून उकडलेलं रताळं त्या मानाने कमी गोड. तुम्ही म्हणाल, मग तिखट भरिताला कुकरच बरा की. मलाही असंच वाटलं होतं. पण उकडताना रताळं वरून पाणी पितं, भाजताना आतलं पाणी सोडतं. भरिताला कोरडा, भुसभुशीत गर लागतो, म्हणजे मिरचीचं तेल त्यात मुरतं. पाणचट गरात तेल मुरत नाही, वर तरंगत राहतं आणि मीठही कुठे लागतं, कुठे लागत नाही. शिवाय भाजल्याचा तो खमंग वास उकडण्यात कुठून येणार? आजीचं "पोटमा आधीच पानी शे" मला असं वीस वर्षांनी पोचलं.

आता शहरात फुफाटा कुठून आणायचा, हा तुमचा पुढचा प्रश्न. मीही आता जळगावात गॅसवरच करते. जाड बुडाची लोखंडी कढई घ्या. एक किलो रताळी, शक्यतो सारख्या जाडीची, मनगटाहून जाड नकोत. माती स्वच्छ धुवा, पुसून अगदी कोरडी करा, सुरीच्या टोकाने दोन-चार ठिकाणी टोचा. साल काढायची नाही. कढईत थेंबभरही पाणी नको. घट्ट झाकण, गॅस सगळ्यात बारीक, आणि दर दहा मिनिटांनी कूस बदलायची. पाऊण तास धरून चला. ओव्हन असेल तर 200 अंशांवर साधारण तासभर. झालं हे ओळखायची खूण सालीवर दिसते: टोचलेल्या जागेतून तपकिरी, पाकासारखा थेंब बाहेर येतो आणि तिथेच करपून चिकटतो. असा थेंब दिसला आणि सुरी बिनआवाज आरपार गेली की गॅस बंद करा. लगेच सोलायला घेऊ नका. दहा मिनिटं उघड्यावर राहू द्या, वाफ जाऊ द्या. मग साल कागदासारखी सुटून येते. दोन्ही टोकांकडे दोरे असतात, ती टोकं काढून टाकायची.

ठेचण्याबाबत मी हट्टी आहे. मिक्सर नाही म्हणजे नाही. पात्याने पिष्टाच्या पेशी फुटतात आणि त्याचीच खळ होते. आमच्याकडे बडगी, म्हणजे भरीत ठेचायचं लाकडी भांडं, आहे, सासूबाईंच्या सासूबाईंची. आतून इतकी गुळगुळीत झाली आहे की बोट फिरवलं तर तेलाचा हात लागल्यासारखं वाटतं. तिच्यात आधी मिरच्या-लसूण ठेचायचं, मग शेवटी रताळं, म्हणजे लाकडाला लागलेलं तिखट वाया जात नाही. बडगी नसेल तर जाड पातेलं आणि वरणाची लाकडी रवी किंवा पावभाजीचं मॅशर चालेल. दाबायचं, घोटायचं नाही. मधे मधे बोराएवढ्या फोडी राहिल्या पाहिजेत.

किलोभर रताळ्यांना आठ-दहा पोपटी मिरच्या आणि पंधराएक लसूण पाकळ्या. शेंगदाण्याचं तेल चार मोठे चमचे. आमच्याकडे तेलाचा हात सैल असतो, तुम्ही कमी करा, पण दोन चमच्यांच्या खाली जाऊ नका. तेलात आधी मूठभर शेंगदाणे आणि सुक्या खोबऱ्याचे पातळ काप लालसर तळून बाजूला काढायचे. त्याच तेलात मिरच्या आणि लसूण, मिरचीवर पांढरे फोड येईपर्यंत. मग जिरं टाकून गॅस बंद. मिरच्या-लसूण जाडं मीठ घालून ठेचा, त्यावर रताळं ठेचा, उरलेलं गरम तेल वरून ओता. शेंगदाणे, खोबरं, बारीक चिरलेली कांद्याची पात, कोथिंबीर. आणि अर्धं लिंबू. वांग्याच्या भरितात आम्ही लिंबू पिळत नाही, रताळ्याला मात्र ते हवंच. नुसत्या तिखटाने गोडीला धार येत नाही, आंबट लागलं की येते. मीठही वांग्यापेक्षा थोडं चढंच लागतं.

उपवासाला लसूण, पात काढायची, तेलाऐवजी साजूक तूप, जिरं-मिरची, शेंगदाण्याचं कूट, लिंबू. कोथिंबीर चालते की नाही हे ज्याच्या त्याच्या घरावर.

या उपवासाच्या ताटाचं मला फार नवल वाटतं. रताळं, मिरची, शेंगदाणा, तिघंही अमेरिका खंडातून समुद्र ओलांडून आलेले. बटाटाही तिकडचाच. एवढंच काय, 'बटाटा' हा शब्द पोर्तुगीजांच्या 'बटाटा'वरून आला, आणि त्यांच्या भाषेत तो आधी रताळ्याचा होता. वांगं मात्र आपल्याच मातीतलं, आणि चातुर्मासात तेच बंद! आजीला हे सांगायला हवं होतं, तिला ऐकायला आवडलं असतं. आणि रताळं बटाट्याच्या नात्यातलंही नाही. बटाटा, वांगं, मिरची एका कुळातले. रताळ्याचं कूळ म्हणजे नाल्याकाठी माजणारं ते बेशरमाचं झाड. दोघांची फुलं शेजारी धरून बघा, तोच जांभळट भोंगा.

रताळी घेताना लाल सालीची आणि आतून पांढरी घ्या, ती कोरडी भाजली जातात. आतून केशरी असलेली हल्ली मॉलमध्ये मिळतात. रंग सुंदर, अ जीवनसत्त्वासाठी फार चांगली, पण गर ओलसर, भरीत सैल पडतं. लोण्याबरोबर घोटून खायला ती बरी. घरी आणलेली रताळी फ्रीजमध्ये ठेवू नका. थंडीने त्यांचा गाभा असा आखडतो की कितीही भाजा, मधे कडकच राहतो. टोपलीत, हवेशीर जागी ठेवा. उलट आठ-पंधरा दिवस राहिलेलं रताळं जास्त गोड होतं.

मधुमेह असेल तर एवढं लक्षात ठेवा, की भाजलेल्यापेक्षा उकडलेलं रताळं रक्तातली साखर सावकाश वाढवतं. आमच्या मोठ्या दिरांसाठी मी सालीसकट मोठ्या फोडी करून वाफवते, कपड्यावर पसरून कोरड्या करते आणि मग ठेचते. वास येत नाही, पण त्यांना पानात वेगळं पडल्यासारखं वाटत नाही.

सोबत कळण्याची भाकरी. पुरीबरोबरही खातात, पण माझं मन भाकरीवर. ज्वारी-उडदाची ती खरपूस, किंचित खारट भाकरी या भरिताला जशी धरते तशी पुरी धरत नाही. आणि पंगत उठली की बडगीच्या तळाला जे चिकटून राहतं, मिरचीचं तेल, दोन शेंगदाणे, करपलेल्या पाकाचा एखादा कण, ते भाकरीच्या शेवटच्या तुकड्याने पुसून घ्यायचा मान आमच्याकडे ठेचणाऱ्या बाईचा असतो. सासूबाईंनी तो तुकडा मला पहिल्यांदा दिला, तो कुकरच्या प्रसंगानंतरच्या दुसऱ्या हिवाळ्यात.