नागपूर ते सॅन फ्रान्सिस्को: अंतर किती, वेळ किती

सॅन फ्रान्सिस्कोला ताईकडे आई-बाबांना पाठवायचं ठरलं आणि तिकिटाचं काम माझ्याकडे आलं. आईचा प्रश्न एकच, "किती तास बसावं लागेल रे?"

मी सुरुवात अंतरापासून केली. नागपूरचा सोनेगाव विमानतळ ते सॅन फ्रान्सिस्को, सर्वांत जवळच्या वाटेने सुमारे १३,१०० किलोमीटर. लेकीच्या पृथ्वीगोलावर दोरा ताणून धरला तर तो हिमालय, मंगोलिया, सायबेरिया करत पार उत्तरेला चढला आणि अलास्कावरून खाली आला. सपाट नकाशा बघून हे कधीच कळलं नसतं.

नागपूरहून सरळ विमान नाही. दिल्लीमार्गे बेरीज होते १३,२५० च्या आसपास, म्हणजे वाकडी वाट जवळजवळ नाहीच. कतारमधल्या दोहामार्गे मात्र १५,८००. दोह्याला जायला २,८०० किलोमीटर पश्चिमेला उडायचं आणि तिथून पुढे उरतात १३,०००! एवढं जाऊनही अमेरिका जेमतेम शंभरेक किलोमीटर जवळ येते. हे मी दोनदा तपासून पाहिलं, गोल पृथ्वीचा हिशोबच तसा आहे.

पण किलोमीटरवरून तास ठरत नाहीत. ऑक्टोबर २०१६ मध्ये एअर इंडियाने दिल्ली-सॅन फ्रान्सिस्को विमान अटलांटिकऐवजी पॅसिफिकवरून नेलं. वाट लांबली, १५,३०० किलोमीटर झाली, तरी पाठीमागून वारा मिळाल्याने ते साडेचौदा तासांत पोचलं, नेहमीपेक्षा लवकर. उलट एप्रिल २०२५ पासून पाकिस्तानचं आकाश भारतीय विमानांना बंद झालं, आणि दिल्लीहून पश्चिमेला जाणाऱ्या विमानांना वळसा पडू लागला.

शेवटी मी दोहा निवडलं. कारण अंतर नव्हे, आई-बाबा. इमिग्रेशन नागपुरातच, मराठी-हिंदी बोलणाऱ्या माणसांसमोर. बॅगा इथे दिल्या की थेट सॅन फ्रान्सिस्कोला घ्यायच्या. विमान एकदाच बदलायचं. बाबांच्या गुडघ्यांसाठी व्हीलचेअर बुकिंगच्या वेळीच नोंदवली. दोन्ही विमानं एकाच पीएनआरवर, म्हणजे एकाच बुकिंगमध्ये घेतली, हे मला सगळ्यांत महत्त्वाचं वाटतं. वेगवेगळी तिकिटं स्वस्त दिसतात, पण पहिलं विमान उशिरा आलं तर दुसरी कंपनी थांबत नाही, आणि म्हाताऱ्या माणसांनी परक्या विमानतळावर काय करायचं?

तिकीट हातात आल्यावर आई खूश. "दोह्याहून सकाळी आठला निघून दुपारी दोनला पोचतो, सहाच तास!" मग तिच्याजवळ बसून समजावलं: तिकिटावरची वेळ त्या-त्या गावची असते. उन्हाळ्यात सॅन फ्रान्सिस्को दोह्याच्या दहा तास मागे, म्हणून सहा अधिक दहा, सोळा तास. आपल्या नागपूरच्या साडेबारा तास मागे, हिवाळ्यात साडेतेरा. बाबांच्या रक्तदाबाच्या गोळीची वेळ यावरच ठरवायची होती. डॉक्टरांना विचारून मी प्रत्येक गोळीपुढे नागपूरची वेळ आणि तिथली वेळ मोठ्या अक्षरांत लिहिली, आणि तो कागद पासपोर्टच्या पाऊचमध्ये ठेवला. गोळ्या हातातल्या पिशवीत, चेक-इन बॅगेत नाही.