कात्तोबासेऽऽ!

जपानी बेसबॉलचा सामना आवाज बंद करून पाहू नये. निम्मी मजा कानांचीच असते. बॅटर उभा राहिला की मैदानाच्या बाहेरच्या कडेच्या स्टँडमधून ट्रम्पेट सुरू होतं, मागोमाग ढोल, आणि मग हजारो घसे: ‘कात्तोबासेऽऽ, चि-का-मो-तो!’ ठोक की रे, असं काहीसं. चार मात्रांचं नाव तालात चपखल बसतं. नाव छोटं असलं तर स्वर ताणायचा, ताल मोडायचा नाही. हान्शिन टायगर्सचे चाहते पुढे ‘क्योजिन ताओसे, ओऽ!’ जोडतात. ‘क्योजिन’ म्हणजे टोकियोचे जायंट्स, ‘ताओसे’ म्हणजे लोळवा. दुसरा संघ असेल तर त्याचं नाव घालून त्यालाही असंच लोळवायचं.

ओरडायचं ते फक्त आपला संघ बॅटिंग करत असताना. समोरच्यांची पाळी आली की बसा, बिअर प्या. अपवाद शेवटच्या, नवव्या इनिंगचा, आपण पुढे असलो तर: दोन जण बाद झाले की ‘आतो हितोरी’, शेवटचा एक, आणि त्यालाही दोन स्ट्राइक पडले (तिसऱ्या स्ट्राइकला बाद) की ‘आतो इक्क्यू’, आता एकच चेंडू. प्रकार जरा निर्दयच.

हातात दोन प्लास्टिकचे मेगाफोन, एकमेकांवर आपटायला. कानावर विसंबून ते आपटले तर घोळ होतो, कारण ढोलाचा आवाज लांबच्या रांगेत उशिरा पोहोचतो. म्हणून सगळ्यांची नजर म्होरक्याच्या हातांवर. तो बिचारा मैदानाकडे पाठ करून उभा! सामना सगळ्यात कमी त्यालाच दिसतो.

हान्शिनच्या कोशिएन मैदानावर सातव्या इनिंगला लांबट फुगे सोडायची रीत होती. पाहुण्यांची बॅटिंग चालू असतानाच फुगवून तोंड चिमटीत धरायचं, गाणं संपताच सगळ्यांनी एकदम सोडायचं. जास्त फुगवला तर हातातच फुटायचा. 2020 मध्ये साथीमुळे हे बंद झालं, ओरडणंही. नुसत्या टाळ्या उरल्या. घसे पुरते मोकळे झाले ते 2023 च्या हंगामात.

टोकियोच्या स्वॅलोजवाल्यांचं निराळंच. प्रत्येक धावेला छोट्या छत्र्या उघडून खालीवर नाचवायच्या. छत्री छोटीच हवी, नाहीतर पुढच्याच्या डोक्यात.

पण अतिरेक करावा तो हान्शिनवाल्यांनी. 1985 मध्ये लीग जिंकल्यावर ओसाकाच्या पुलावरून एकेका खेळाडूचं नाव पुकारत त्याच्यासारखा दिसणारा चाहता नदीत उडी मारत होता. संघातल्या दाढीवाल्या अमेरिकन रँडी बासला जोड मिळेना, म्हणून केएफसीच्या दारातला कर्नल सँडर्सचा पुतळाच पाण्यात भिरकावला! त्या वर्षी जपान सिरीजही, म्हणजे दोन लीगच्या विजेत्यांमधली अंतिम लढतही, जिंकली, पुढे मात्र ती काही हाती लागेना. शाप लागला म्हणाले. 2009 मध्ये पुतळा गाळातून निघाला, चष्मा आणि डावा हात गायब. त्यानंतरही सिरीज जिंकायला 2023 उजाडलं.

चष्मा शोधायला हवा होता बहुधा.