शंभर पानी वही

सोलापूर जिल्ह्यातल्या एका हॉस्पिटलच्या केमो डे-केअरमध्ये मी स्टाफ नर्स आहे. आठ वर्षं झाली. सकाळी आठला ड्यूटी सुरू होते आणि नऊच्या आत बाराही खाटा भरतात. रिपोर्ट बघायचा, काउंट म्हणजे रक्तातल्या पेशींचे आकडे ठीक असले की डॉक्टरांची सही घ्यायची, शीर शोधायची, उलटीचं इंजेक्शन द्यायचं, मग औषध. पेशंटला विचारायचे प्रश्नही ठरलेले : उलट्या झाल्या? जुलाब? ताप? तोंड आलं? थकवा आहे का, असं मी कधी विचारत नसे. केमो चालू आहे म्हटल्यावर थकवा असणारच, त्यात विचारायचं काय? कुणी स्वतःहून बोललंच तर माझं एक वाक्य तयार असायचं, "आराम करा."

हे वाक्य मी किती जणांना सांगितलं असेल, मोजदाद नाही. एका माणसानं मात्र ते लिहून ठेवलं होतं.

एप्रिलमधली गोष्ट. मावशींचा चौथा डोस होता. वय चौपन्न, माढा तालुक्यातलं गाव, छातीत गाठ. गाठ मोठी होती म्हणून आधी केमो आणि मग ऑपरेशन, असं ठरलेलं. पहिले चार डोस लाल औषधाचे, दर एकवीस दिवसांनी, त्यानंतर दुसरं औषध दर आठवड्याला, बारा वेळा. पहिल्या डोसाला त्या चालत आल्या होत्या, हातात डब्याची पिशवी. चौथ्याला काकांनी व्हीलचेअर मागितली.

काका म्हणजे एसटीचे निवृत्त कंडक्टर. पहाटेच्या गाडीनं निघून, मध्ये गाडी बदलून यायचे दोघं. २०२३ पासून बायकांना एसटीत अर्धं तिकीट झालंय, त्याचा काकांना कोण अभिमान! पण तिकीट अर्धं झालं म्हणून रस्ता अर्धा होत नाही. मावशी खाटेवर टेकल्या आणि तोंडावर पदर घेऊन पडून राहिल्या.

मी सवयीनं विचारलं, "काय मावशी, काही त्रास?"

"काय न्हाई वो सिस्टर. जरा अशक्तपणा हाय."

रिपोर्ट बघितला. हिमोग्लोबिन ९.४. कमी, पण रक्त चढवावं इतकं नाही. बाकी काउंट बरे. मला सलाईन जोडून पुढच्या खाटेकडे जायचं होतं, पण काकांनी पिशवीतून वही काढली. शंभर पानी, खाकी कव्हर घातलेली. आत पट्टीनं आखलेले रकाने : वेळ, काय केले, शेरा. आयुष्यभर वेबिल, म्हणजे तिकिटांच्या हिशोबाचा कागद, भरलेला माणूस, त्याला लिहिल्याशिवाय चैन कसं पडणार!

"सगळं तुम्ही सांगितल्यापरमानं केलंय बाई. एक दिवस चुकला न्हाई."

पहिल्याच पानावर लाल पेननं लिहिलं होतं, 'सिस्टर बोलल्या – आराम. काम करू देऊ नये.' खाली दोन रेघा.

पुढची पानं उलटत गेले. '६.१० – उठवले. चहा बिछान्यावर. ६.३० – झोपली. ९.०० – पेज दिली. निम्मी ठेवली. ९.२० – झोपली. १२.४० – भाकरी (मी केली). चतकोर खाल्ली. १.०० – झोपली.' पानामागून पान हेच. बाईनं तीन आठवड्यांत आपल्या हातानं पाण्याचा तांब्यासुद्धा घेतलेला नव्हता. काकांनी घेऊ दिला नव्हता. सून माहेरी बाळंतपणाला गेलेली, तेव्हा स्वयंपाक, धुणं, झाडलोट सगळं काकाच करत होते. आणि शेऱ्याच्या रकान्यात रोज एकच शब्द : 'थकवा.' दहाव्या दिवसापासून पुढे : 'थकवा जास्त.'

मला घाम फुटला. आरोपपत्र वाचल्यासारखं वाटत होतं, आणि खाली सही माझी.

कारण मला हे माहीत होतं. शिकलेली होते, परीक्षेत लिहिलंही होतं. हा थकवा आपल्या थकव्यासारखा नसतो. मी डबल ड्यूटी करून घरी जाते, सहा तास झोपते आणि उठल्यावर माणसात येते. कॅन्सरचा, औषधाचा थकवा झोपेनं फिटत नाही. उलट माणूस पडून राहिला की स्नायू झडतात, मग उठून न्हाणीपर्यंत जायचं म्हटलं तरी धाप लागते, धाप लागली की घरचे म्हणतात बघ, सांगितलं होतं ना, पड. त्या थकव्यावर सगळ्यात जास्त पुरावा असलेला उपाय कुठला, तर अंगाला झेपेल एवढी रोजची हालचाल. हे मी जाणत होते आणि तोंडानं आराम करा म्हणत होते. ते म्हणायला दोन सेकंद लागतात. दुसरं सांगायला वीस मिनिटं लागतात.

वहीत आणखी एक नोंद सापडली. प्रत्येक डोसानंतरचे दोन दिवस : 'रात्री ९.०० – उलटीची बारीक गोळी. १२.०० – जागी. २.३० – जागी. ३.४५ – जागी, कूस बदलते.' ती बारीक गोळी म्हणजे डेक्सामेथासोन. स्टिरॉइड. उलटीवर चांगलं चालतं, पण झोप उडवतं. चिठ्ठीवर दिवसातून दोनदा लिहिलेलं, काकांनी सरळ हिशोबानं सकाळ-रात्र केलं. रात्रभर टक्क जागं, मग दिवसा झोप, मग परत रात्री जागं. गोळी दोनच दिवसांची, पण उलटं पडलेलं चक्र तीन आठवडे सरळ झालं नव्हतं. आम्ही तीन डोसांत हे विचारलं नव्हतं. काकांनी विचारायच्या आधीच लिहून ठेवलं होतं.

मी वही घेऊन डॉक्टरांकडे गेले. त्यांनी दोन पानं वाचली, चष्मा काढला. दुसरी गोळी दुपारच्या जेवणानंतर करून दिली, थायरॉइडची तपासणी लिहिली (थायरॉइड मंद असेल तरी असाच थकवा येतो), आणि म्हणाले, फिजिओथेरपीच्या मॅडम आज आहेत ना, त्यांना बोलवा.

तोवर लाल औषधाची वेळ झाली. हे औषध धाडकन सोडून चालत नाही. शिरेबाहेर गेलं तर कातडी, मांस जळतं. म्हणून सलाईन वाहतं ठेवून, सिरिंजनं, हातानं, थोडं थोडं ढकलायचं आणि नजर शिरेवरून हलवायची नाही. त्या दहा-पंधरा मिनिटांत नर्सला उठता येत नाही. नातेवाइकांना आम्ही बाहेर बसवतो. दिवसभरात पेशंट आणि मी असे दोघंच असतो ते तेव्हाच.

नळीतून लाल रंग सरकायला लागला आणि मावशींनी पदर बाजूला केला.

"सिस्टर, एक इचारू? खरं सांगायचं."

"विचारा."

"मी मराया लागले का?"

माझा अंगठा सिरिंजवर होता, तो तसाच ठेवला. "असं का वाटलं?"

"अंगातलं सगळं कुणीतरी काढून घेतल्यागत वाटतंय. गुऱ्हाळात चिपाड पडतंय बघा बाजूला, तसं. पैल्या डोसाला असं न्हवतं. म्हंजे आतली गाठ वाढत असंल. ह्यांना बोलले न्हाई. तुमास्नी बी सांगणार न्हवते. सांगितलं तर डोस बंद करतील, म्हणलं."

तीन डोस ही बाई 'काय न्हाई वो' म्हणत होती ती ह्यासाठी.

आणि उत्तर माझ्याजवळच होतं. फाईलमध्ये. डॉक्टर प्रत्येक वेळी गाठ मोजून लिहितात. पहिल्या दिवशी सहा सेंटीमीटर, त्या दिवशी सकाळी साडेतीन. हे कागदावर होतं, मावशींना सांगितलं कुणीच नव्हतं. प्रत्येकाला वाटलं असणार, दुसऱ्यानं सांगितलंय.

मी सांगितलं. सिरिंजवरची नजर न काढता सांगितलं, त्यामुळे त्यांचा चेहरा दिसला नाही. फक्त ज्या हातात सुई नव्हती त्या हातानं त्यांनी आपली छाती चाचपली.

"लहान लागती व्हय," म्हणाल्या. "मला वाटलं, मलाच भास व्हतोय."

मग मी तो प्रश्न विचारला, जो पहिल्या दिवशी विचारायला हवा होता. शून्य म्हणजे अजिबात थकवा नाही, दहा म्हणजे याहून वाईट असूच शकत नाही, तुमचा किती? त्यांना आकड्यांचं काही जमेना. थोडा विचार करून म्हणाल्या, "पूर्वी आडावरनं दोन घागरी आणायची. आता तांब्या जड लागतोय. तुमीच घाला आकडा." मी आठ लिहिला. फाईलवर त्यासाठी रकाना नव्हता, कडेला लिहिला. याच जिल्ह्यात, बार्शीला, १९८७ साली देशातली पहिली ग्रामीण कॅन्सर नोंदणी सुरू झाली, हे आम्ही पाहुण्यांना अभिमानानं सांगतो. एवढी नोंदीची परंपरा आणि थकव्याला चार बोटांचा रकाना नाही.

दुपारी फिजिओथेरपीच्या मॅडम आल्या. काका खट्टू होऊन बसले होते. इतकं मन लावून केलं ते चुकलं, हे ऐकायला कुणाला आवडेल? मी आधीच सांगून टाकलं, "काका, तुमचं काही चुकलं नाही. मी अर्धंच सांगितलं होतं."

मॅडमनी समजावलं, की आठवड्यातून तीन दिवस अर्धा-अर्धा तास चालणं हे पुढचं गाठायचं ठिकाण, आज नाही. आज पाच मिनिटं. चालताना बोलता आलं पाहिजे. दमून बसायच्या आधी थांबायचं, दमल्यावर नाही. दुपारची झोप अर्ध्या तासाची, गजर लावून. डोसानंतरचे तिसरा ते सहावा दिवस सगळ्यात जड जातात, तेव्हा कमी चाला, पण उंबऱ्यापर्यंत तरी जा. आणि ताप १००.४ च्या वर गेला, बसल्याजागी धाप लागली, छातीत दुखलं, चक्कर आली तर चालणं वगैरे विसरा, तडक इकडे या.

काका लिहीत होते. लिहिता लिहिता थांबले.

"म्हंजे टप्पे पाडायचे."

एसटीत सहा किलोमीटरचा एक टप्पा धरतात, भाडं त्यावर ठरतं. काकांनी वहीच्या मागच्या पानावर गाडीचा मार्ग लिहावा तसं लिहिलं : खाट – उंबरा – तुळस – हापसा – पाराचा कट्टा – मारुती. तास-मिनिटांत आम्ही जे अर्धा तास सांगत होतो ते त्यांनी अर्ध्या मिनिटात गावात बसवलं.

"आणि बेल मावशींच्या हातात," मी म्हटलं. एक बेल म्हणजे थांबा, दोन म्हणजे चला, हे त्यांना मी काय सांगणार!

मग मॅडमनी मावशींना विचारलं, अंगात थोडीच ताकद असेल तर ती कशावर खर्च कराल? आम्हाला वाटलं देवपूजा म्हणतील, येणाऱ्या नातवाचं नाव घेतील. मावशी फाडकन म्हणाल्या, "भाकरी. ह्यांची भाकरी म्हंजे नकाशा असतोय. कडा कच्ची, मधी करपलेली. तीन आठवडं तेच गिळतेय."

काका म्हणाले, "बोलली न्हाईस कधी."

"तुमी कौतुकानं करत व्हता."

चतकोरच भाकरी खाण्यामागचं कारण केमो एकटंच नव्हतं तर. ठरलं असं, की शेगडी जमिनीवरून टेबलावर घ्यायची, परात टेबलावर, मावशींनी खुर्चीत बसायचं, पीठ काकांनी मळायचं, एक भाकरी मावशींनी थापायची. एकच. खुर्चीत बसून भाकरी ही कल्पनाच मावशींना पटेना, लोक हसतील म्हणाल्या. मी म्हटलं, दार लावून घ्या.

एकवीस दिवसांनी आल्या. थायरॉइड ठीक निघालं होतं. हिमोग्लोबिन जवळपास तेवढंच. थकवा गेला होता का? नाही. मावशींनी स्वतः आकडा सांगितला, पाच. व्हीलचेअर मागितली नाही, पण फाटकापासून डे-केअरपर्यंत येताना दोनदा बाकावर बसल्या. रात्रीची झोप आली होती. काका सांगायला उतावीळ झालेले, त्यांनी वही उघडूनच माझ्यासमोर धरली.

'चौथा दिवस – उंबरा. पुढे नाही. पाचवा – उंबरा. रडली. आठवा – तुळस, दोन फेऱ्या. भाकरी : तिने १, मी ५. बारावा – हापसा. भाकरी : तिने २. सोळावा – ऊन फार, पहाटे निघालो. पार.' शेवटची नोंद आदल्या दिवशीची : 'मारुतीच्या अलीकडे एक बेल. अजून जाता आले असते. परत.'

"दोनशे पावलं राहिली व्हती बाई," काका म्हणाले. "समोर कळस दिसत व्हता."

"बेल कुणाकडं हाय?" मावशींनी पडल्या पडल्या विचारलं.

काकांनी काही उत्तर दिलं नाही. पेनचं टोपण काढून पेन माझ्या हातात दिलं आणि त्या नोंदीखालच्या मोकळ्या ओळीवर बोट ठेवलं.

"चेकिंगची सही करा."

मी केली.