डाल्टनचे वीस आठवडे

स्क्विरल मंकी या दक्षिण अमेरिकी माकडांत लाल-हिरव्याचा फरक एकाही नराला कळत नाही. माद्यांपैकी मात्र बऱ्याच जणींना तो कळतो. म्हणून ‘या माकडाला रंग दिसतात का?’ या प्रश्नाला सरसकट उत्तर नाही. नर की मादी, आणि मादी असेल तर तिची जनुकं कोणती, हे आधी विचारावं लागतं.

कारण एक्स गुणसूत्रात आहे. शंकुपेशी म्हणजे डोळ्यातल्या रंग टिपणाऱ्या पेशी. त्यांतल्या निळ्या प्रकाशाला प्रतिसाद देणाऱ्या पेशींचं जनुक लिंग न ठरवणाऱ्या गुणसूत्रावर असतं, ते सर्वांना सारखंच मिळतं. दुसरं जनुक एक्सवर असतं आणि त्याला तिथे एकच जागा आहे. पण त्याची रूपं तीन: एकाची सर्वाधिक संवेदनशीलता ५३५ नॅनोमीटर तरंगलांबीच्या प्रकाशाला, दुसऱ्याची ५५० आणि तिसऱ्याची ५६२ नॅनोमीटरच्या आसपास. रूपांमधला हा फरक मुख्यतः प्रथिनातल्या १८०, २७७ आणि २८५ या तीन क्रमांकांवरच्या अमिनो आम्लांमुळे पडतो. नराकडे एकच एक्स, म्हणजे तिन्हींपैकी एकच रूप; निळ्यासह दोनच प्रकारच्या शंकुपेशी, म्हणून तो द्विरंगी. मादीच्या दोन एक्सवर वेगवेगळी रूपं असली, तर प्रत्येक पेशीत एक एक्स बंद पडत असल्यामुळे काही शंकुपेशींत एक रूप येतं, काहींत दुसरं, आणि तिला तीन प्रकारच्या शंकुपेशी मिळतात. तिन्ही रूपं सारख्याच प्रमाणात असतील असं धरलं, तर दोन-तृतीयांश माद्या त्रिरंगी निघतात. एकाच टोळीत दृष्टीचे सहा प्रकार! माणसाच्या एक्सवर अशी दोन जनुकं शेजारी-शेजारी असतात. म्हणून पुरुषांनाही बहुधा तिन्ही प्रकारच्या शंकुपेशी मिळतात, आणि त्यांतलं एक जनुक हरवलं किंवा दोघांची सरमिसळ झाली की रंगांधळेपणा येतो.

जन्मापासून न दिसलेला रंग प्रौढपणी दाखवता येईल का, हे तपासायला असा नर अगदी योग्य. कॅथरीन मॅन्कुसो, जे नाइट्झ, मॉरीन नाइट्झ, विल्यम हॉसवर्थ आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २००९ साली ‘नेचर’मध्ये याचं उत्तर दिलं. माकडं दोन, डाल्टन आणि सॅम. पहिल्याचं नाव स्वतः रंगांधळे असलेल्या जॉन डाल्टन या रसायनशास्त्रज्ञावरून.

जनुक घालण्याच्या कितीतरी आधी खरं काम सुरू होतं, ते परीक्षेचं. माकडाला ‘कोणता रंग दिसला?’ असं विचारता येत नाही. पडद्यावर राखाडी ठिपक्यांच्या तीन चौकटी दाखवतात, एकीतच रंगीत ठिपक्यांचा पुंजका असतो. रेल्वेच्या वैद्यकीय तपासणीतल्या इशिहारा तक्त्यांसारखाच हा प्रकार. माकडाने बरोबर चौकट दाबली की द्राक्षाच्या रसाचा थेंब, चुकीची दाबली की बझर आणि दोन-तीन सेकंद थांबणं.

यात घात होतो तो प्रखरतेमुळे. रंगीत ठिपके बाकीच्यांपेक्षा जरासे काळपट किंवा उजळ असले, तर माकड रंग न ओळखताही रस मिळवतं आणि आपण फसतो. म्हणून प्रत्येक ठिपक्याची प्रखरता आणि आकार मुद्दाम कमीजास्त ठेवतात, आणि पुंजक्याची जागा दर वेळी बदलतात. तीन चौकटींमुळे निव्वळ अंदाजानेही दर तीन वेळांत एकदा बरोबर येणारच, त्यामुळे निकाल त्याहून ठळकपणे वर असायला हवा. रंगाची संपृक्तता (गडदपणा नव्हे, रंगाचा भडकपणा) टप्प्याटप्प्याने उतरवून कुठवर ओळखता येतं, ते मोजतात. सुरुवातीला निळे-पिवळे ठिपके या माकडांना सहज जमत. निळसर हिरवा आणि लालसर जांभळा या दोन रंगांवर मात्र ती सतत नापास होत.

पुढची पायरी शस्त्रक्रियेची. निरुपद्रवी अॅडेनो-असोसिएटेड विषाणूत माणसाचं लाल शंकुपेशींचं जनुक भरलं आणि प्रत्येक डोळ्यात, दृष्टिपटलाखाली, १०० मायक्रोलिटरची तीन इंजेक्शनं दिली. द्रव सोडला की तिथे दृष्टिपटल उचललं जाऊन फुगा तयार होतो, तो नंतर जिरतो. जनुक त्या फुग्याच्या भागातल्या पेशींपर्यंतच पोचतं, म्हणून जागा नेमकी निवडावी लागते. हात चुकला तर नाजूक पटलाला भोक पडू शकतं.

त्यानंतर काही आठवडे काहीच घडलं नाही. इथेच संयम लागतो: परीक्षा रोज घेतली नसती, तर बदल कधी आला हेच कळलं नसतं. सुमारे २० आठवड्यांनी दोघंही तेच दोन रंग ओळखू लागले. शंकुपेशींचा विद्युत प्रतिसादही त्याच सुमारास वाढलेला दिसला. उपचार न झालेलं द्विरंगी माकड मात्र याच परीक्षेत अडकत राहिलं, म्हणजे हे नुसत्या सरावाने जमलेलं नव्हतं. दोन वर्षांहून अधिक काळ ही क्षमता टिकली.

दृष्टीची मेंदूतली जोडणी बालपणीच्या ठरावीक काळातच होते, असा समज पक्का होता. इथे प्रौढ मेंदूने नवा संकेत वापरायला घेतला. निळ्या-पिवळ्यासाठी आधीच असलेली यंत्रणा नव्या शंकुपेशींमुळे दोन वाटांत विभागली गेली असावी, असं संशोधकांनी सुचवलं. मला हे स्पष्टीकरण पटतं, कारण त्यात नवी मज्जातंतू-जोडणी गृहीत धरावी लागत नाही. पण डाल्टनला लाल ‘लाल’ म्हणून जाणवला, असं या प्रयोगातून सिद्ध होत नाही. त्याला दोन गोष्टींतला फरक करता आला, एवढंच सिद्ध होतं, आणि लेखकांनी मोजलंही तेवढंच.

आता उरतो जंगलातला प्रश्न: नरांची ही ‘उणीव’ उत्क्रांतीत टिकली कशी? कॉस्टा रिकातल्या पांढऱ्या तोंडाच्या कपुचिन माकडांचा अभ्यास इथे उपयोगी पडतो, कारण त्यांच्यातही द्विरंगी आणि त्रिरंगी असे दोन्ही प्रकार आहेत. पानांवर किंवा सालीवर रंगाने मिसळून बसलेले किडे टिपण्यात तिथे द्विरंगी माकडं सरस ठरली. रंगाचा गोंधळ कमी असला की आकार आणि पोत चटकन डोळ्यांत भरतो. स्क्विरल मंकीचा दिवसाचा बराच वेळ किडे शोधण्यातच जातो.