एकच कंपाउंड धनुष्य, दोन कामे : फेब्रुवारी ते डिसेंबरची नोंदवही

फेब्रुवारी

ऑगस्ट २०२३ मध्ये बर्लिनच्या जागतिक स्पर्धेत साताऱ्याची अदिती स्वामी आणि नागपूरचा ओजस देवतळे हे दोघेही कंपाउंडचे (टोकांना चाके असलेल्या धनुष्याचे) विश्वविजेते झाले आणि ओजसने अंतिम लढतीत १५० पैकी १५० गुण घेतले, तेव्हापासून मला खास लक्ष्यवेधासाठी घडवलेले लांब, जड धनुष्य हवे होते. मात्र मी राहतो मिशिगनमध्ये. इथे १ ऑक्टोबरला हरणांच्या शिकारीचा धनुष्यहंगाम उघडतो, आणि गेली दोन वर्षे मित्रांबरोबर नुसता पाहुणा म्हणून रानात बसून आल्यावर तेही स्वतः करून पाहावे असे मनाने घेतले. भारतात १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्यामुळे शिकारीचा प्रश्नच उद्भवत नाही, म्हणून तिथल्या तिरंदाजाला ही निवड कधी करावी लागत नाही. मला करावी लागली, आणि घरात दुसऱ्या धनुष्याला जागा नाही हे घरच्यांनी आधीच स्पष्ट केले होते.

सुरुवात चुकीने झाली, तीही नोंदवून ठेवतो. एका दुकानातून मी ७० पौंडांचे (ओढायला तेवढा जोर लागणारे) वापरलेले धनुष्य घेतले. ते २९ इंच ड्रॉ लेंग्थवर (दोरी किती मागे ओढायची त्या लांबीवर) लावलेले होते आणि विक्रेत्याने ‘सवय होईल’ असे सांगितले. सवय झाली नाही. डाव्या हाताच्या कोपराजवळ दोरीचे निळे वळ मात्र नेमाने उठू लागले. दोन्ही हात आडवे पसरून एका मधल्या बोटाच्या टोकापासून दुसऱ्यापर्यंतचे अंतर मोजावे आणि त्याला २.५ ने भागावे, हा जुना ढोबळ हिशेब मी तेव्हा केलाच नव्हता. माझे अंतर ६७ इंच, म्हणजे ड्रॉ लेंग्थ २७ इंचांच्या आसपास. दोन इंच जास्त लांबीचे धनुष्य ओढताना मान मागे झुकते, धनुष्याचा हात कोपरात ताठ होतो आणि नेम स्थिर होण्याऐवजी सगळे शरीर तोल सावरण्यात गुंतते. त्या धनुष्यावर एनएफएए या अमेरिकी तिरंदाजी संघटनेच्या पाच ठिपक्यांच्या कागदावर, २० यार्डांवरून ६० बाणांत, माझे ३०० पैकी २७१ गुण झाले.

मार्च

या महिन्यात एकही धनुष्य विकत घेतले नाही, फक्त ओढून पाहिली. ज्यांना हे दोन्ही खेळ एकाच धनुष्यावर खेळायचे आहेत त्यांनी जाहिरातीतल्या वेगाच्या आकड्याकडे सर्वांत शेवटी पाहावे, असे माझे मत याच महिन्यात झाले. तो आकडा ७० पौंड, ३० इंच ड्रॉ लेंग्थ आणि ३५० ग्रेन वजनाचा बाण या मापांवर काढलेला असतो. ड्रॉ लेंग्थ एक इंचाने कमी झाली की वेग ढोबळमानाने सेकंदाला दहा फुटांनी उतरतो आणि बाणाचे वजन तीन ग्रेनने वाढले की सुमारे एका फुटाने. माझ्यासारख्या २७ इंचांच्या माणसाला सेकंदाला ३३५ फूट वेगाचे धनुष्य प्रत्यक्षात काय देते, ते पुढे जूनच्या नोंदीत येईलच.

खरा पेच होता दोन अ‍ॅक्सलमधल्या अंतराचा, म्हणजे टोकांच्या चाकांच्या आसांमधल्या लांबीचा. झाडावरच्या मचाणात किंवा जमिनीवरच्या तंबूत बसून ओढायचे धनुष्य साधारण २८ ते ३२ इंचांचे असते, कारण लांब धनुष्याचे टोक तंबूच्या कापडाला किंवा मांडीला लागते. लक्ष्यवेधाची धनुष्ये ३६ ते ४० इंचांची असतात, ती हातात कमी डगमगतात आणि ताणलेल्या दोरीचा कोन उथळ राहिल्याने चेहऱ्यावर नीट टेकतात. इथे मला माझा बुटकेपणा प्रथमच उपयोगी पडला. ड्रॉ लेंग्थ कमी असली की दोरीचा कोन मुळातच कमी तीव्र होतो, त्यामुळे ३३ इंचांच्या धनुष्यावर मला जो टेकवा मिळतो तो ३० इंच ओढणाऱ्या माणसाला बऱ्याच लांब धनुष्यावर मिळेल. म्हणजे मधल्या लांबीची धनुष्ये बुटक्या माणसासाठी तडजोड राहत नाहीत. उंच मित्रांनी हा निष्कर्ष जसाच्या तसा उचलू नये.

एप्रिल

घेतले. ३३ इंच अ‍ॅक्सल अंतर, पावणेसात इंच ब्रेस हाइट (न ओढलेल्या दोरीचे मुठीपासूनचे अंतर), ५० ते ६० पौंडांचे लिंब (धनुष्याच्या वाकणाऱ्या पट्ट्या), फिरवता येणारे मॉड्यूल (टोकाच्या चाकावरचा, मापे बदलणारा तुकडा) आणि ८० टक्के लेट-ऑफ. ६० पौंडांवर थांबण्याचे कारण साधे आहे : जागतिक तिरंदाजी महासंघाच्या नियमांत कंपाउंडला तेवढीच मर्यादा आहे, आणि शेपटीवर पांढरे केस असलेल्या इथल्या हरणासाठी तेवढा जोर भरपूर होतो.

लेट-ऑफबद्दल मात्र थोडे सविस्तर लिहितो, कारण या एका बाबीत दोन्ही खेळ खरोखरच विरुद्ध दिशांना ओढतात. पूर्ण ताणल्यावर कॅम (टोकाचे चाक) उलटतो आणि हातावरचा भार एकदम उतरतो. ६० पौंडांच्या धनुष्यावर ८५ टक्के लेट-ऑफ असेल तर बोटांवर ९ पौंड उरतात, ८० टक्क्यांवर १२ आणि ७० टक्क्यांवर १८. हरीण झाडामागे थबकले आणि मिनिटभर ताणून थांबायचे असेल तर ९ पौंड हे वरदान वाटते. कागदावर नेम धरताना मात्र हातावर थोडा भार असलेला बरा, कारण पाठीचे स्नायू कामाला लागतात, नेमाची पिन कमी भटकते आणि रिलीज (दोरी सोडायचे साधन) सुटताना हात मऊ पडत नाही. मी ८५ टक्क्यांचे मॉड्यूल दोन आठवडे वापरून पाहिले आणि माझे बाण डावीकडे-उजवीकडे विखुरले. ८० वर ते जवळ आले. त्याच महिन्यात २८४ गुण.

जून

ड्रॉ वेट (ओढण्याचा जोर) ५८ पौंडांवर कायम केले, आणि ते वर्षभर हलवायचे नाही असेही ठरवले. ४०० स्पाइनचा (बाणाच्या ताठपणाचे माप), शंभर ग्रेनच्या टोकासह एकूण ४०० ग्रेन भरणारा बाण क्रोनोग्राफवर (वेगमापकावर) सेकंदाला २५५ फूट वेगाने गेला, म्हणजे सुमारे ५८ फूट-पौंड ऊर्जा. बाण बनवणाऱ्या ईस्टन कंपनीच्या तक्त्यात हरणासाठी २५ ते ४१ फूट-पौंड पुरेसे मानले आहेत. जाहिरातीतले ३३५ आणि माझे २५५ यांतल्या ८० फुटांच्या फरकाने माझे काहीही बिघडलेले नाही.

येथे एक निर्णय असा घेतला की अनेकांना तो पटणार नाही. बंदिस्त सभागृहातल्या लक्ष्यवेधासाठी जाड बाण वापरतात, कारण जाड बाण रेघेला स्पर्श करून वरचा गुण मिळवून देतो. जागतिक नियमांत ९.३ मिलिमीटर जाडीपर्यंत मुभा आहे. परंतु बाणाची जाडी बदलली की रेस्टची (बाण टेकवायच्या आधाराची) उंची बदलावी लागते, आणि रेस्ट हलला की शिकारीच्या पात्यांची (बाणाच्या धारदार टोकांची) जुळणी गेली. म्हणून दोन्ही कामांना एकच बारीक बाण. यात वर्षाकाठी काही रेघांचे गुण जातात, ते जाऊ द्यायचे. बदलायचे ते फक्त तीन भाग : साइटचे, म्हणजे नेम धरायच्या साधनाचे, घर (लक्ष्यवेधाला भिंगासह, शिकारीला भिंगाशिवाय एका चकाकत्या पिनेचे), पीपमधले, म्हणजे दोरीत बसवलेल्या नेमाच्या कड्यातले, फिरवून बसवायचे छिद्र (रानातल्या संधिप्रकाशासाठी मोठे) आणि तोल सावरणारा स्टॅबिलायझर (एकीकडे ३० इंची दांडा व बाजूची काठी, दुसरीकडे आठ इंची ठोकळा). साइटच्या दोन्ही घरांच्या खुणा वेगवेगळ्या टेपवर लिहून ठेवल्या आहेत.

ऑगस्ट

पात्यांनी सगळे पितळ उघडे पाडले. साध्या टोकाचे बाण २५ यार्डांवर मुठीएवढ्या जागेत बसत होते. स्थिर पात्यांचे बाण त्यांच्या चार इंच डावीकडे गेले. कागदातून बाण मारल्यावर फाटलेली भेग जवळपास गोल आली होती, म्हणजे बाण सरळ जात होता, तरी पाती हवेत सुकाणूसारखी वागतात आणि कागदाने झाकलेला बारीक दोषही मोठा करून दाखवतात. रेस्ट दर वेळी केसभर उजवीकडे सरकवत, तीन संध्याकाळी घालवून, दोन्ही गट एकत्र आणले. उलगडणाऱ्या पात्यांनी हा त्रास वाचला असता हे खरे. पण तो दोष धनुष्यातच राहिला असता आणि कागदावर कुठेतरी गुण खात राहिला असता. शिकारीच्या तयारीमुळे माझा लक्ष्यवेध सुधारला तो इथे.

सप्टेंबर

मिशिगनमध्ये १ जानेवारी १९६० रोजी किंवा त्यानंतर जन्मलेल्यांना शिकार-सुरक्षेचा अभ्यासक्रम करावा लागतो, तो उन्हाळ्यातच उरकला होता. या महिन्यात रोज सकाळी एकच बाण मारला. अंग गरम न करता, जाड जाकीट घालून, बसून, एकच, आणि तो वहीत लिहिला. लक्ष्यवेधात साठ बाणांची सरासरी असते, पहिला बाण वाईट गेला तरी पुढचे सावरून घेतात; रानात पहिला बाण तोच शेवटचा. आठ इंची कागदी ताटलीत २० यार्डांवर तीसपैकी तीस दिवस बाण बसला असता तर काय हवे होते. बसला २८ दिवस. जे दोन चुकले ते दोन्ही जाकिटाच्या बाहीला दोरी घासल्यामुळे. बाहीवर पट्टा बांधू लागलो आणि माझी मर्यादा २० यार्डांची ठरवली.

नोव्हेंबर

वॉटर्लूच्या सरकारी रानात अकरा वेळा बसलो. एक मादी ३० यार्डांवर पाच मिनिटे निवांत चरत होती. ५० मीटरवरच्या कागदावर आठ सेंटिमीटरचा दहाचा गोल रोज शोधणाऱ्या माणसाला ते अंतर हास्यास्पद वाटावे, आणि तसे वाटलेही. वहीतल्या आकड्याने धनुष्य मांडीवरच राहिले. १४ तारखेला धनुष्यहंगाम थांबला, कारण दुसऱ्या दिवसापासून बंदुकीचा हंगाम असतो.

डिसेंबर

भिंगाचे घर, लहान छिद्र आणि लांब दांडा पुन्हा बसवायला चाळीस मिनिटे लागली. खुणेच्या टेपप्रमाणे पहिला बाण २० यार्डांवर पांढऱ्या ठिपक्यात गेला, रेस्टला हात लावावा लागला नाही. पहिल्याच रात्री २९१ गुण, ३१ वेळा आतला एक्स (ठिपक्याच्या मधला छोटा गोल). दोरीचे वेष्टण नॉकपाशी (बाण अडकवायच्या जागी) सैल होऊ लागले आहे, त्यामुळे नवी दोरी मागवली आहे. ती ताणून स्थिरावली की पीप किती फिरतो ते जानेवारीच्या नोंदीत लिहीन.