जेटची आग पुढून विझवायची

टर्बाइन मॉडेल, म्हणजे छोट्या जेट इंजिनावर उडणारं रिमोटचं विमान, घेताना इंजिन, ईसीयू (इंजिन सांभाळणारा छोटा कॉम्प्युटर), रिसीव्हर यांवर महिनाभर खल होतो, आणि फायर एक्स्टिंग्विशर मात्र आदल्या संध्याकाळी दुकानात जो लाल सिलिंडर समोर दिसेल तो. तो बहुतेक वेळा एबीसी पावडरचा निघतो. आग विझते, पण इंजिनही हातचं जातं. त्यातलं मोनोअमोनियम फॉस्फेट तापलेल्या धातूवर वितळून चिकट थर धरतं, दमट हवेत ॲल्युमिनियम खातं, आणि बेअरिंगमध्ये शिरलेली भुकटी फुंकून निघत नाही. मग सगळं इंजिन उघडणं आलं.

इंजिन स्टार्ट करता तिथे सीओटूचाच (कार्बन डायऑक्साइड गॅसचा) सिलिंडर ठेवा, मागे काही उरत नाही. 2 किलोचा चालतो, पण सलग दाबला तर दहाएक सेकंदांत संपतो. उचलायची तयारी असेल तर 4.5 किलोचा बरा. याला प्रेशर गेज नसतं, त्यामुळे काटा हिरव्यात आहे का, हा प्रश्नच नाही. वजन करायचं. गॅस दहा टक्क्यांहून जास्त उतरला असेल तर रिफिल. आणि मे महिन्यात गाडीच्या डिकीत ठेवू नका. 31 अंशांच्या वर सीओटू द्रवरूपात राहत नाही, दाब भराभर चढतो आणि सेफ्टी डिस्क फुटून सिलिंडर रिकामा होतो.

खरी आग लागते ती हॉट स्टार्टला. पहिला स्टार्ट फसतो, इंधनाचं रॉकेल इंजिनात आणि मागच्या टेलपाइपमध्ये साचतं, आणि घाईने दुसऱ्यांदा स्टार्ट दिला की ते सगळं एकदम पेटतं. मागून लांब पिवळी ज्वाळा आली की लोक सिलिंडर घेऊन शेपटीकडे धावतात. ही सगळ्यात महागडी चूक. मागून मारलेला फवारा ज्वाळेला पुढे, फ्यूजलाजमध्ये (विमानाच्या धडात) ढकलतो, आणि तिथे टाकी, वायरिंग, लायपो (लिथियम बॅटरी) सगळं बसलेलं असतं.

आधी रिमोटवरची थ्रॉटल स्टिक आणि तिची ट्रिम दोन्ही खाली, म्हणजे पंप बंद. तरी पंप चालू राहिला तर टाकीच्या लाइनवरचा हाताचा व्हॉल्व्ह बंद करा. ईसीयूची बॅटरी मात्र घाबरून उपटू नका. स्टार्टर फिरत असला तर त्याच्याच हवेने पुष्कळदा आग विझते. नाहीच विझली तर पुढून, हवा आत घेणाऱ्या इनटेकमध्ये, एक-दोन सेकंदांचे तुटक फवारे. हॉर्न (सिलिंडरचं फवाऱ्याचं नळकांडं) वीतभर लांब धरा. अगदी तोंडाला लावला तर उणे 78 अंशांचा बर्फ थेट लालबुंद इंजिनावर बसतो. दोन इनटेक असतील तर दुसऱ्यावर जाड फडकं दाबायला माणूस हवा, नाहीतर गॅस तिथून बाहेर पडतो. हॉर्नला उघडा हात लावू नका, कातडी गोठते.

विझल्यावर तापमान 100 अंशांखाली येईपर्यंत स्टार्टरने हवा चालू ठेवा. मग नाक वर करून मागून रॉकेल गळू द्या आणि टेलपाइप फडक्याने कोरडा पुसा. पहिला स्टार्ट का फसला (ईसीयूची बॅटरी उतरली, इग्नायटर गेला, की लाइनमध्ये बुडबुडा) ते सापडेपर्यंत पुन्हा स्टार्ट नाही.

क्रॅशची गोष्ट वेगळी. उघड्या माळावर सीओटू वाऱ्यासोबत उडून जातो, आणि एप्रिलमधलं वाळलेलं गवत तीन लिटर रॉकेल सांडल्यावर वाट बघत नाही. तिथे 9 लिटरचा मेकॅनिकल फोमचा (फेसाचा) सिलिंडर, पाण्याचे कॅन आणि ओलं गोणपाट. वाऱ्याकडे पाठ करून जा. लायपो विझल्यासारखी दिसली तरी आतून तापलेली असते, पुन्हा पेटते. तिच्यावर पाणी ओतत राहा.

सिलिंडरवाला माणूस नाकाच्या बाजूला उभा राहील, टर्बाइन व्हीलच्या सरळ रेषेत नाही. पिन स्टार्टआधीच काढून खिशात ठेवायची. ऐनवेळी ती ओढताना हात आपोआप लिव्हरवर दाबला जातो, आणि लिव्हर दाबलेली असताना पिन निघत नाही.